भुकेच्या महिन्यांतलं ओल्डस्टेड

थर्स्क हे उत्तर यॉर्कशरमधलं बाजाराचं गाव. मधोमध मोठा फरसबंद चौक, भोवती विटांची जुनी दुकानं आणि सोमवार-शनिवार भरणारा बाजार. या चौकातून किर्कगेट नावाचा रस्ता निघतो. या एकाच रस्त्यावर दोन घरं आहेत आणि दोन्ही आज संग्रहालयं झाली आहेत. एका घरात १७५५ साली थॉमस लॉर्ड जन्माला आला. लंडनचं लॉर्ड्स मैदान त्याचंच. दुसऱ्या घरात आल्फ वाइट या गुरांच्या डॉक्टरचा दवाखाना होता. १९४० पासून ते इथे राहिले, आसपासच्या शेतकऱ्यांच्या गायी-मेंढ्या तपासत हिंडले आणि पुढे जेम्स हेरियट या टोपणनावाने त्याच अनुभवांवर पुस्तकं लिहून जगभर वाचले गेले.

गाडी माझी भाची चालवत होती. ती लीड्सला नोकरी करते. "मावशी, इथे ऑफिसमध्ये कुणाला मुंबईची म्हणून सांगितलं की पहिलं नाव सचिनचं निघतं," ती म्हणाली. १९९२ मध्ये एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर यॉर्कशर कौंटीकडून खेळला, त्या क्लबचा पहिला परदेशी खेळाडू म्हणून. त्याआधी कित्येक दशकं यॉर्कशरचा दंडक असा होता की, संघात यायचं तर जन्म यॉर्कशरमधलाच हवा. आपल्या मातीचा असा अभिमान बाळगणारा हा मुलूख आहे आणि मी जिथे निघाले होते, तो पब याच अभिमानावर उभा आहे. मात्र तो अभिमान तिथे कामाच्या रूपात दिसतो, आणि ते काम बघायलाच मी आले होते.

या सहलीसाठी मी मुद्दाम मार्चअखेर निवडली होती. यॉर्कशरला जायचं तर ऑगस्टमध्ये जावं, असं सगळे सांगतात. तेव्हा माळरानावर हेदर फुललेलं असतं आणि डोंगर जांभळे दिसतात. पण मला एका शेफचं स्वयंपाकघर त्याच्या सगळ्यात अवघड दिवसांत पाहायचं होतं.

थर्स्कहून पूर्वेला हॅम्बल्टन टेकड्यांची भिंत दिसते. सरळ गेलं तर सटन बँकचा प्रसिद्ध चढ लागतो. चार पावलांमागे एक पाऊल वर नेणारा हा रस्ता इतका उभा आहे की, कॅरव्हान ओढणाऱ्या गाड्यांना तिथे मनाई आहे. आम्ही तो चढ न चढता पायथ्याच्या रस्त्याने किलबर्नकडे वळलो. वर टेकडीच्या कुशीवर पांढरा घोडा दिसू लागला. १८५७ मध्ये किलबर्नच्या शाळामास्तरांनी विद्यार्थी आणि गावकरी हाताशी धरून वरची माती खरवडून ही प्रचंड आकृती कोरली.

किलबर्नमध्ये आम्ही थोडं थांबलो ते रॉबर्ट थॉम्प्सनच्या सुतारशाळेसाठी. थॉम्प्सन (१८७६–१९५५) हा गावचा सुतार. रिपनच्या कॅथीड्रलमधलं मध्ययुगीन लाकूडकाम पाहून तो ओकचं फर्निचर करायला लागला. जवळच्या अँपलफोर्थच्या मठाने त्याला कामं दिली आणि नाव पसरत गेलं. त्याच्या प्रत्येक वस्तूवर एक छोटा उंदीर कोरलेला असतो, म्हणून त्याला 'माउसमन' म्हणतात. गाव न सोडता त्याने घडवलेल्या खुर्च्या-टेबलं दूरदूरच्या चर्चमध्ये आणि महाविद्यालयांत पोचली. कारखाना अजून किलबर्नमध्येच आहे आणि त्याच्याच वंशजांच्या हातात आहे. ओल्डस्टेडला जाण्याआधी ही सुतारशाळा पाहिली हे बरं झालं. गाव सोडून न जाता मोठं काम करता येतं, याचा एक शंभर वर्षांचा दाखला शेजारच्याच गावात उभा होता.

ओल्डस्टेड म्हणजे टेकडीच्या पायथ्याशी वसलेली मूठभर घरं. मधपिवळ्या दगडाच्या भिंती, लाल कौलं, आणि वरच्या जंगलात व्हिक्टोरिया राणीच्या राज्याभिषेकाची आठवण म्हणून १८३८ मध्ये बांधलेला वेधशाळेचा मनोरा. दुकान नाही, स्टेशन नाही. रस्त्याच्या कडेला एक पब, 'द ब्लॅक स्वान'.

या पबची कहाणी सांगायची तर ती शेतकऱ्याच्या घरातून सुरू करावी लागते. बँक्स कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या या परिसरात शेती करत आलेलं. टॉम आणि ॲन बँक्स शेतीला जोड म्हणून घरी पाहुणे ठेवत, त्यांना नाश्ता देत. ब्रिटनमधल्या छोट्या शेतकऱ्यांना त्या काळात अशा जोडधंद्याची गरजच पडली होती. २००१ मध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली. ती आटोक्यात आणण्यासाठी देशभरात साठ लाखांहून जास्त जनावरं मारली गेली. थर्स्कच्या पट्ट्यालाही त्या उन्हाळ्यात साथीची झळ बसली. नुसत्या गुरांवर आणि धान्यावर घर चालवणं किती बेभरवशाचं आहे, हे गावोगाव लोकांनी डोळ्यांनी पाहिलं.

२००६ मध्ये या कुटुंबाने गावातला पब घेतला. त्यांच्यापैकी कुणालाही हॉटेल चालवण्याचा अनुभव नव्हता. मोठा मुलगा जेम्स आणि धाकटा टॉमी दोघंही कामाला लागले. टॉमी तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि त्याला क्रिकेटपटू व्हायचं होतं. पुढच्या वर्षी, १ जुलै २००७ पासून, इंग्लंडमध्ये पबमध्ये सिगरेट ओढायला बंदी आली. त्याच्या पुढच्या वर्षी जगभर मंदी आली. सुपरमार्केटमध्ये बिअर स्वस्त मिळू लागली होती आणि दारू पिऊन गाडी चालवण्याविरुद्धचा कायदा कडक पाळला जात होता. घरांपासून लांब असलेल्या खेड्यातल्या पबांना या सगळ्याचा मार एकदम बसला. २००० साली ब्रिटनमध्ये साठ हजारांच्या घरात पब होते, आज ते पंचेचाळीस हजारांच्या आसपास उरले आहेत. खेड्यात पब बंद पडतो तेव्हा दारूच्या दुकानापेक्षा बरंच काही जातं. गावात एकमेकांना भेटायची शेवटची जागा जाते. ओल्डस्टेडमध्ये तर दुसरी जागाच नव्हती.

त्यातच टॉमी आजारी पडला. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्याचा आजार. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, ज्या वयात त्याची मित्रमंडळी मैदानावर होती, त्या वयात त्याला एकामागून एक शस्त्रक्रियांना सामोरं जावं लागलं आणि अंथरुणात महिने काढावे लागले. क्रिकेटचं स्वप्न तिथेच संपलं. पडल्या पडल्या तो स्वयंपाकाची पुस्तकं वाचू लागला आणि बरा झाल्यावर पूर्ण ताकदीने पबच्या स्वयंपाकघरात उतरला. त्याने कुठल्या नामांकित पाकशाळेत शिक्षण घेतलं नाही. घरच्या पबातच तो ॲडम जॅक्सन या शेफच्या हाताखाली शिकला. जॅक्सन यांच्या काळात ब्लॅक स्वानला मिशेलिन या खाद्यमार्गदर्शिकेचा तारा मिळाला. २०१३ मध्ये ते पब सोडून गेले आणि सूत्रं टॉमीकडे आली. तारा राहिला आणि चोविसाव्या वर्षी टॉमी बँक्स ब्रिटनमधला सगळ्यात तरुण मिशेलिन तारांकित शेफ ठरला.

इथवरची गोष्ट यशाच्या कुठल्याही गोष्टीसारखी आहे. ती वेगळी होते यानंतर. मिळालेला तारा दुसऱ्याच्या हाताचा होता. आता स्वतःचं असं काय करायचं, हा प्रश्न त्या तरुण शेफपुढे होता. लंडन-पॅरिसच्या मोठ्या स्वयंपाकघरांत न शिकल्यामुळे नक्कल करायला त्याच्याकडे कुणाची शैली नव्हती. त्याच्याकडे होती घरची जमीन, शेती कळणारे आईवडील आणि भोवतालचं रान. म्हणून पबमागच्या कुरणातच कुटुंबाने भाजीपाल्याची बाग उभी केली. कंपनीचा माल आणून शिजवण्याऐवजी आधी पेरायचं आणि मग शिजवायचं, असं ठरलं.

आम्ही रस्त्यावरून चालत गेलो आणि बागेच्या कडेला उभे राहिलो. मार्चअखेरची ती बाग पाहून कुणी म्हणेल, इथे पाहण्यासारखं आहे तरी काय. काळी ओली माती, नुकतेच साफ केलेले वाफे, हिवाळा सोसून उभे राहिलेले कोबीवर्गातले काही दांडे, उघडी कुंपणं. वारा टेकडीवरून खाली येत होता आणि बोटं बधिर करत होता. शेजारच्या शेतात आठवड्या-दोन आठवड्यांची कोकरं आईच्या मागे धावत होती. हिरवा रंग होता तो फक्त जंगलाच्या कडेला, सावलीत उगवलेल्या रानलसणाच्या कोवळ्या पात्यांचा.

इंग्लंडमध्ये या काळाला 'हंग्री गॅप' म्हणतात. हिवाळ्यासाठी साठवलेले बटाटे, गाजरं, बीट आता संपत आलेले किंवा कोंबारलेले असतात. कोबी-केल फुलोऱ्यावर यायला लागतात. नवी पेरणी तर आत्ताच होतेय, तिचा माल हाताशी यायला मे उलटून जातो. म्हणजे वसंत आला म्हणून माणसं खूश असतात, तेव्हाच शेतात खायला सगळ्यात कमी असतं. पूर्वी या महिन्यांत गरिबांच्या घरी खरोखर उपासमार व्हायची. आज सुपरमार्केटमध्ये स्पेनचे टोमॅटो आणि केनियाच्या शेंगा बारा महिने मिळतात, म्हणून शहरातल्या माणसाला हा काळ येऊन गेलेला कळतही नाही.

टॉमी बँक्सने आपला सगळा स्वयंपाक या काळाभोवती रचला. 'रूट्स' या त्याच्या २०१८ च्या पुस्तकात वर्षाचे नेहमीचे चार ऋतू नाहीत. त्याने तीनच ऋतू मानले आहेत. उन्हाळ्यातला सुबत्तेचा, शरदातला साठवणुकीचा आणि त्यानंतर येणारा भुकेचा. शेतीच्या घरात वाढलेल्या माणसाला वर्ष असंच दिसतं. पंचांगातल्या तारखेपेक्षा घरात काय आहे आणि काय संपलं यावर त्याचा ऋतू ठरतो. एकदा हे तीन ऋतू मानले की स्वयंपाकघराचं वेळापत्रकच बदलतं. जूनमध्ये एल्डरफ्लॉवर फुलतं तेव्हा ते पुढच्या मार्चसाठी सरबतात आणि व्हिनेगरमध्ये उतरवायचं. उन्हाळ्यातली फळं साखरेत, मिठात, दारूत मुरवायची. रानातल्या वुडरफसारख्या सुवासिक वनस्पती वाळवायच्या. त्या वाळल्या की त्यांना व्हॅनिलाशी नातं सांगणारा वास येतो. भाज्या आंबवायच्या, मांस खारवायचं. स्वयंपाकघरातल्या माणसांचे सुबत्तेच्या दिवसांतले कितीतरी तास त्या दिवसाच्या पाहुण्यासाठी खर्च होत नाहीत. नऊ महिन्यांनी येणाऱ्या पाहुण्यासाठी ते खर्च होतात.

त्या रात्री आम्ही ब्लॅक स्वानमध्ये जेवलो. खाली दगडी फरशीचा बुटका बार, शेकोटी पेटलेली. वाढणारी तरुण मुलं प्रत्येक पदार्थ समोर ठेवताना तो कुठून आला हे सांगत होती आणि पाठ केलेलं म्हणून न सांगता, माहिती असलेलं सांगावं तसं सांगत होती. जेवण म्हणजे छोट्या छोट्या पदार्थांची लांब रांग. मला जाणवली ती त्यातली आंबट चव. लिंबाची नाही, कारण लिंबू या मुलखात पिकत नाही. आंबवलेल्या भाजीची, मुरवलेल्या फळाची, फुलांच्या व्हिनेगरची. मूळभाजीच्या गोडव्यावर, चरबीच्या जडपणावर ती आंबट चव नेमकी येऊन बसत होती. बाहेर सगळं उघडंबोडकं असताना ताटात गेल्या जूनचा आणि गेल्या सप्टेंबरचा वास येत होता.

ज्या पदार्थाने या पबचं नाव सर्वदूर झालं, तो बीटचा आहे. क्रापोदीन ही बीटची फार जुनी फ्रेंच जात. साल झाडाच्या सालीसारखी खडबडीत, आकार गाजरासारखा लांबट. हा बीट गाईच्या चरबीत मंद आचेवर तासन्‌तास शिजवतात, इतका की तो आकसून मांसासारखा घट्ट होतो. सोबत बकरीच्या दुधाचं मऊ चीज आणि धुरावलेल्या कॉड माशाची गाबोळी. आम्ही दोघी बीफ खात नाही, हे टेबल राखतानाच कळवलं होतं, त्यामुळे हा पदार्थ मी पुस्तकातूनच ओळखते. पण त्यामागचा विचार मला पूर्ण पटतो. पंचतारांकित जेवणात लॉबस्टर आणि फॉइ ग्रा यांना जी जागा मिळते, ती इथे हिवाळाभर टिकणाऱ्या एका कंदाला दिली आहे. महाग जिन्नस विकत आणून पाहुण्याचा मान राखता येतो. इथे तो वेळ आणि कसब खर्चून राखला जातो.

जगाने याची दखल घेतली. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं टॉमीचे पदार्थ बीबीसीच्या 'ग्रेट ब्रिटिश मेन्यू' स्पर्धेतून अंतिम मेजवानीपर्यंत पोचले. २०१७ मध्ये ट्रिपॲडव्हायझरवरच्या प्रवाशांच्या अभिप्रायांतून ब्लॅक स्वान जगातलं पहिल्या क्रमांकाचं रेस्टॉरंट ठरलं. ज्या गावात दुकान नाही, त्या गावात जगभरातून माणसं यायला लागली.

पण इथे एक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. पब म्हणजे गावाची जागा. शेतावरून चिखलाचे बूट घालून यावं, बारवर कोपर टेकावं, हातपंपाने ओढलेल्या बिअरचा एक पाइंट घ्यावा, कुत्रं पायाशी बसावं. तिथे आता महिनोन्‌महिने आधी टेबल राखून, विचारपूर्वक पैसे बाजूला ठेवून जेवायला यावं लागत असेल, तर गावाने आपली जागा गमावली का? यश मिळालेल्या खेड्यातल्या पबांबाबत इंग्लंडमध्ये हा वाद वरचेवर होतो आणि तो खराच आहे.

याचं उत्तर मला दुसऱ्या दिवशी दीड-दोन मैलांवर मिळालं. ओल्डस्टेडहून पायवाटेने बायलंड ॲबीकडे जाता येतं. सिस्टर्शियन पंथाच्या भिक्षूंनी ११७७ मध्ये इथे वस्ती केली. त्यांच्या चर्चची पश्चिमेकडची भिंत आजही उभी आहे आणि तिच्यावरच्या महाकाय गोल खिडकीचा खालचा अर्धा भाग आभाळाकडे उघडा आहे. हे भिक्षू मेंढ्या पाळत, लोकर विकत, दलदल उपसून शेतजमीन करत. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीने मठ बंद केला आणि दगड-कौलं लोकांनी घरांसाठी नेली. या भग्न मठाच्या बरोबर समोर 'द ॲबी इन' हा जुना पब आहे. २०२३ मध्ये बँक्स कुटुंबाने तो नव्याने सुरू केला.

आणि हा खरोखरच पब आहे. आम्ही शिरलो तेव्हा एक जोडपं ओल्या कुत्र्यासह चालून आलेलं, एका टेबलावर आजी-आजोबा आणि नातवंडं, बारशी दोन शेतकरी मेंढ्यांच्या भावाबद्दल बोलत उभे. मी कोकराचं मांस घेतलं, सोबत बटाटे आणि मुरवलेला लाल कोबी. भाचीने मासे घेतले. पाइंट घेतला तो यॉर्कशरच्याच बिअरचा. पदार्थ साधे होते, पण मागची शेती तीच, साठवणीच्या बरण्याही त्याच. बारमागच्या मुलीला मी विचारलं, तू कुठली? "इथलीच, लव्ह. शाळा संपल्यापासून इथेच काम करते," ती म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. गावातल्या तरुण मुलीला गावात काम आहे, या गोष्टीचं मोल मिशेलिनच्या ताऱ्यापेक्षा मला कमी वाटत नाही. ज्या खेड्यांतून मुलं बाहेर गेली की परत येत नाहीत, तिथलं माणूस हे लगेच ओळखेल.

या व्यवसायाचं गणित मला इथे उलगडलं. एका शेतावर जे पिकतं ते सगळं एका महागड्या जेवणात खपत नाही. कोकराचे दोन-चार नाजूक तुकडे तारांकित ताटात जातात, उरलेल्या जनावराचं काय? वाकडी गाजरं, मोठे झालेले कंद, एकदम पिकलेली फळं, त्यांचं काय? त्यासाठी पब हवा, जिथे मंद शिजवलेलं मांस आणि पोटभरीचं जेवण खपेल. यॉर्क शहरात २०१८ मध्ये त्यांनी 'रूट्स' उघडलं, तेही एका जुन्या पबच्या इमारतीत. त्याला २०२१ मध्ये तारा मिळाला. शहरातलं गिऱ्हाईक बारमाही असतं, म्हणून शेतालाही बारमाही मागणी मिळाली. २०२० मध्ये टाळेबंदीने सगळी टेबलं रिकामी झाली, तेव्हा 'मेड इन ओल्डस्टेड' या नावाने घरी गरम करून खाता येतील अशा जेवणांच्या पेट्या देशभर जाऊ लागल्या. जे स्वयंपाकघर नऊ महिने आधी पदार्थ करून ठेवायला शिकलं होतं, त्याला आज बनवून परवा पोचवणं अवघड गेलं नसणार. साठवणुकीची शिस्त संकटात कामाला आली. पुढे भावांनी कॅनमधली वाइनही बाजारात आणली, आणि पाई विकायला सुरुवात केली.

पाई हा ब्रिटनचा अगदी घरगुती पदार्थ. मांस किंवा भाजीचं दाट सारण कणकेच्या खुसखुशीत आवरणात भरून भाजतात. शेतकरी, खाणकामगार, फुटबॉल बघायला गेलेली माणसं, सगळे ती खातात. २०२४ च्या डिसेंबरमध्ये टॉमी बँक्सच्या कंपनीच्या अडीच हजार पाई यॉर्कच्या नाताळबाजारासाठी तयार होऊन गाडीत भरलेल्या होत्या आणि ती गाडीच चोरीला गेली. माल सुमारे पंचवीस हजार पौंडांचा. टॉमीने समाजमाध्यमावरून चोरांना विनवलं की, गाडी न्या हवी तर, पण हे अन्न वाया घालवू नका, एखाद्या समाजकेंद्राजवळ ठेवा, भुकेल्यांच्या पोटात जाऊ द्या. गाडी नंतर सापडली, पण पाई खाण्यालायक राहिल्या नव्हत्या. ही बातमी तेव्हा जगभर गाजली. मला त्यातली ती विनवणी महत्त्वाची वाटते. नुकसान सोसणाऱ्या माणसाच्या मनात आधी आलं ते अन्न वाया जाण्याचं दुःख. भुकेच्या महिन्यांभोवती स्वयंपाक रचणाऱ्या माणसाकडून दुसरं काय येणार?

परतीच्या वाटेवर भाचीने विचारलं, "मावशी, हे सगळं मोठ्या पैशाशिवाय जमलं असतं का गं? आपल्याकडे जमेल?" प्रश्न योग्य होता. पैसा लागलाच असणार, जमीनही घरची होती. पण पबच्या पहिल्या वर्षांत या कुटुंबाकडे भांडवल म्हणावं असं होतं ते माणसांचं. आई, वडील, दोन मुलगे, आणि सगळ्यांचं एकाच गावात राहण्याचं ठरलेलं. जे विकायचं ते याच मातीत पिकवायचं आणि जे इथे पिकत नाही त्यावाचून अडू द्यायचं नाही, ही अट त्यांनी स्वतःवर घातली आणि पाळली.

मग मी तिला कोकणातलं उदाहरण दिलं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. तोच आपल्या किनाऱ्याचा हंग्री गॅप. त्याची तजवीज आपल्या आज्या-पणज्यांनी पक्की केलेली आहे. अगोटीच्या, म्हणजे पावसाळा लागण्याच्या आधी सोडे वाळतात, सुकट आणि बोंबील भरून ठेवतात, आमसुलं उन्हात काळी होतात, फणसाच्या आठळ्या मातीत राखतात. पाऊस पडला की टाकळा, कुवळी, शेवळं, भारंगी रानातून येतात. हे ज्ञान घराघरांत आहे. तरी जुलैमध्ये किनाऱ्यावरच्या कितीतरी हॉटेलांत पर्यटकाला बर्फातलं, लांबून आलेलं पापलेट तळून मिळतं आणि फलकावर 'अस्सल मालवणी' लिहिलेलं असतं. सोड्याची खिचडी, आठळ्या घातलेली सुकट, कुवळीची भाजी असं जेवण त्या दिवसांत मानाने, चांगल्या ताटात, योग्य पैसे घेऊन वाढणारं घर उभं राहिलं, तर पाऊस हा कोकणातला मंदीचा काळ राहणार नाही. लोक खास त्या जेवणासाठी येतील, जसे आम्ही मार्चमध्ये ओल्डस्टेडला गेलो.

स्थानिक अन्न हा शब्द आज सगळ्यांच्या तोंडी आहे. सुबत्तेच्या दिवसांत स्थानिक राहायला कष्ट पडत नाहीत. आंबा, फणस, मासळी समोर असते, तेव्हा कुणीही इथलंच वाढेल. ज्या महिन्यांत शेत रिकामं आणि समुद्र बंद असतो, त्या महिन्यांत पाहुण्याला काय वाढतोस, हे विचारावं. टॉमी बँक्सकडे त्याचं उत्तर आहे, कारण त्याने ते मागच्या जूनपासून तयार करायला घेतलं होतं. आपल्याकडच्या उमद्या स्वयंपाक्यांनीही ते याच मेमध्ये करायला घ्यावं. जिन्नस आपल्याकडे आहेत, ते कसे टिकवायचे हे सांगणाऱ्या बायका अजून हयात आहेत, आणि त्यांना विचारायला फार उशीर करून चालणार नाही.